नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्याने इमारतीचं काम घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सांगलीचे, वय २७, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. पाच वर्षं एकांकिका स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजना केली, दोन व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांवर लाइट ऑपरेट केले. आता एका आर्किटेक्ट मित्राने रत्नागिरीजवळ, समुद्राच्या बाजूला, जांभ्या दगडात बांधलेल्या छोट्या हॉटेलची बाहेरची प्रकाशयोजना देऊ केली आहे. शिवाय गावातलं एक मंडळ गणपतीच्या दहा दिवसांचं काम द्यायला तयार आहे. विचारणं असं, की नाटक सोडून इमारतींकडे वळावं का, त्यासाठी शिकायचं कुठे आणि पैसे कसे मागायचे.

खरी अडचण कोणतं क्षेत्र निवडावं ही नाही. तिन्हीकडे प्रकाशाचे नियम तेच आहेत, फरक आहे तो चूक दुरुस्त करायला मिळणाऱ्या संधीत. नाटकात आज एखादा क्यू (दिवे बदलण्याची ठरलेली खूण) फसला तर पुढच्या प्रयोगाला तो सुधारता येतो. उत्सवात एका रात्रीत दिवे चढवायचे, दुसऱ्या संध्याकाळी हजारो माणसं खाली उभी, म्हणजे दुरुस्तीला वेळ जवळजवळ नाहीच. इमारतीत तर तुम्ही फोकस करून (दिव्यांचे झोत नेमके वळवून) निघून जाता आणि पुढची आठ-दहा वर्षं ते दिवे वॉचमन लावतो नि बंद करतो. म्हणून इमारतीचं सगळं डोकं आधी, कागदावर चालवावं लागतं. नाटकातून आलेल्या माणसाची नजर तयार असते, कच्चा असतो तो कागद. बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे: महिन्यातले किती दिवस दौऱ्यावर जातात, घरी ठरावीक रक्कम द्यावी लागते का, पुण्या-मुंबईला ये-जा जमते का. ते तुम्हीच जाणता.

नजर म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो. स्पर्धेला १२ डिमर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या लाइनी) मिळाले आहेत आणि अभिनयाची जागा साधारण ३० फूट बाय २४ फूट आहे असं धरा. पुस्तकी पद्धतीने सहा भाग पाडून प्रत्येकाला डावीकडून-उजवीकडून ४५ अंशांनी एकेक दिवा दिला की बाराही डिमर संपले. मग बॅकलाइट कुठून आणणार आणि सायक्लोरामा (मागचा मोठा कोरा पडदा) कशावर लावणार? म्हणून मुरलेला माणूस पाच भाग एकेका फ्रंटवर भागवतो, दोन डिमर साइडला देतो, दोन बॅकला (एक उबदार, एक थंड), एक सायक्लोरामाला, आणि दोन स्पेशल (एकाच नेमक्या जागेसाठीचे दिवे) हातात राखतो. चेहरे समोरून थोडे सपाट होतात, पण साइड आणि बॅक त्यांना मागच्या फ्लॅटपासून (नेपथ्याच्या उभ्या चौकटीपासून) सोडवून पुढे आणतात. काय अंधारात ठेवायचं हे ठरवण्याची ही सवय इमारतीवर सोन्यासारखी कामाला येते, कारण तिथे मालकाला सगळंच उजळलेलं हवं असतं.

रिचर्ड केली या अमेरिकन प्रकाशयोजनाकाराच्या वास्तुप्रकाशावर रंगमंचाच्या प्रकाशाचा प्रभाव होता. न्यूयॉर्कच्या सीग्राम बिल्डिंगच्या प्रकाशयोजनेत त्याचा हात होता. त्याने १९५०च्या दशकात प्रकाशाचे तीन प्रकार मांडले: सगळीकडे पसरलेला मंद उजेड, नजर खेचणारा नेमका उजेड, आणि चमचमाट. नाटकवाल्याच्या भाषेत जनरल, स्पेशल आणि इफेक्ट. हॉटेलचा आराखडा समोर आला की आधी या तीन प्रकारांसाठी तीन रंग घेऊन त्यावर रेघा मारा, दिव्यांचे कॅटलॉग नंतर उघडा.

आता त्या हॉटेलकडेच येऊ, कारण तुमच्या तीन कामांत सर्वांत जास्त शिकवणारं आणि सर्वांत जास्त फसवणारं तेच आहे.

भिंत किती उजेड परत देते ते आधी बघायचं. डोळ्याला दिसतो तो भिंतीवर पडलेला लक्स (उजेडाचं माप) नव्हे, भिंतीवरून परत आलेला प्रकाश. फिकट चुन्याची भिंत पडलेल्या उजेडातला ४० टक्के परत देत असेल आणि काळपट झालेला दगड १० टक्केच, तर तितकंच उजळ दिसायला दगडावर चौपट लक्स टाकावे लागतात. कोकणात हे प्रकरण आणखी अवघड होतं, कारण दोन पावसाळ्यांत जांभ्यावर शेवाळ चढतं आणि भिंत काळी पडते. मालकाने दाखवलेला फोटो नव्या भिंतीचा असेल, तर तीन वर्षं जुनी जांभ्याची भिंत आजूबाजूला शोधून तिच्यावर एक दिवा लावून बघा.

रंगाचं म्हणाल तर जांभ्याला २७०० ते ३००० केल्विन (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळट). ४००० केल्विनला तो मातकट दिसतो आणि ६५०० ला पार मेलेला. नुसतं 'सीआरआय ८०' (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) वाचून दिवा घेऊ नका. तो आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्यासाठी 'आर ९' हा वेगळा आकडा मागा. सीआरआय ८० असलेल्या कितीतरी एलईडींचा आर ९ शून्याच्या आसपास असतो आणि जांभ्याची सगळी गंमत तिथेच मारली जाते.

दिवा भिंतीपासून किती अंतरावर? भिंत समजा ६ मीटर उंच आहे. तिला सपाट, एकसारखं उजळायचं असेल तर उंचीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकं लांब, म्हणजे दीड ते दोन मीटर. दगडाचा पोत दाखवायचा असेल तर भिंतीला चिकटून, १५ ते ३० सेंटिमीटरवर, अरुंद बीमचा (झोताचा) लिनियर, म्हणजे लांब पट्टीसारखा दिवा. पण जांभा हा भोकाभोकांचा दगड. २० सेंटिमीटरवरून खालून प्रकाश टाकला की प्रत्येक भोकाच्या वर लांब सावली उठते आणि भिंतीला देवी आल्यासारखी दिसते. त्याच्यासाठी ४०-५० सेंटिमीटर मागे या. शेजारी सिमेंटचा गिलावा असेल तर तिथे हा प्रकार अजिबात करू नका, गवंड्याच्या थापीचा एकूणएक झोल रात्री दिसेल आणि गवंडी तुमचा जन्माचा वैरी होईल.

वायरिंगमध्ये डिप्लोमा उपयोगी पडेल, पण नाटकात २३० व्होल्टची सवय असते आणि इथे बरंच काम २४ व्होल्टवर चालतं. पाच मीटर एलईडी स्ट्रिप, मीटरला १४.४ वॅट, म्हणजे ७२ वॅट आणि ३ अँपिअर. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) २० मीटर लांब ठेवला आणि दीड चौरस मिलिमीटरची केबल ओढली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याचा रोध साधारण ०.५३ ओहम. म्हणजे १.६ व्होल्ट वाटेतच गेले. स्ट्रिप मंद दिसते, आणि तीन स्ट्रिप तीन वेगळ्या अंतरांवर असतील तर तीन वेगळ्या उजेडाच्या दिसतात. चार चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर तोटा ०.६ व्होल्टवर येतो. त्याहून बरं म्हणजे ड्रायव्हर जवळ आणा, पण हात पोचेल अशा कोरड्या जागी. फॉल्स सीलिंगच्या पोटात गाडलेला ड्रायव्हर बदलायला कोणी येत नाही, अख्खी ओळ बंद पडून राहते.

पाणी हा मोठा शत्रू. जमिनीतले दिवे आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) घेऊनही दुसऱ्या पावसाळ्यात आत पाणी दिसतं आणि सगळे कंपनीला शिव्या घालतात. बहुतेक वेळा पाणी काचेतून शिरलेलं नसतं, केबलमधून आलेलं असतं. रात्री दिवा तापतो, बंद झाला की आतली हवा आकसते आणि केबलच्या पोटातून ओढ बसते. मागचा जोड नुसत्या टेपने गुंडाळलेला असेल तर तिथलं पाणी तारांमधून थेट दिव्यात पोचतं. म्हणून जोड जेल भरलेल्या डबीत करायचा, दिव्याखाली ३० सेंटिमीटर खडी टाकून पाण्याला वाट द्यायची. समुद्राजवळ स्क्रू एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक दर्जा) चेच मागायचे, ३०४ वर खाऱ्या हवेत गंजाचे डाग येतात. वळवाच्या विजांसाठी बाहेरच्या प्रत्येक सर्किटला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण) लावायचा, आणि तो खर्च मालक आधी कापू बघतो, तेव्हा लेखी आग्रह धरायचा.

हॉटेल किनाऱ्याला लागून असेल तर आणखी एक गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे वाळूकडे तोंड केलेला दिवा त्यांना समुद्राऐवजी हॉटेलच्या कुंपणाकडे नेतो. किनाऱ्याच्या बाजूला दिवे खाली, झाकलेले, पिवळसर-अंबर ठेवा आणि वाळूवर एकही झोत पडू देऊ नका. निळा भाग कमी असलेल्या अशा उजेडावर पहिल्या पावसाचे किडेही कमी येतात, ते सांगितलं की मालक लगेच पटतो.

आता कागद. नाटकात प्लॉट आणि क्यू शीट यावर भागतं. इमारतीत लेआउट, दिव्यांची यादी, प्रत्येक दिव्याचं स्पेसिफिकेशन, सर्किट आणि कंट्रोलचा आराखडा, डायलक्स या प्रकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं गणित आणि बीओक्यू (मालाची प्रमाणासह यादी) एवढं द्यावं लागतं. बीओक्यूमध्ये 'अमुक कंपनीचा दिवा किंवा समतुल्य' असं लिहिलंत की ठेकेदार समतुल्य शब्दाला धरून निम्म्या किमतीचा दिवा आणतो. वॅट सारखे असतात, बीम १५ अंशांऐवजी ४० अंशांचा निघतो, उजेड भिंतीवर न पडता पाहुण्यांच्या खोलीत शिरतो. म्हणून बीमचा कोन, ल्यूमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड), केल्विन, रंगातला फरक ३ एसडीसीएमच्या आत, आर ९, आयपी, ड्रायव्हर आणि ५ वर्षांची वॉरंटी हे सगळं ओळीने लिहायचं. मंजूर झालेला एक नमुना सही करून साइटवर ठेवायचा आणि आलेला माल त्याच्याशी ताडून घ्यायचा.

मॉकअप (जागेवर खरे दिवे लावून केलेली चाचणी) दिवसा होत नाही, हे सांगायची खरं तर गरज नसावी, पण दुपारी चार वाजता बोलावणारे आर्किटेक्ट असतात. कंट्रोल शक्य तितका साधा ठेवा. डालीच्या (दिवे नियंत्रित करण्याच्या एका पद्धतीच्या) एका लाइनवर ६४ दिवे आणि १६ सीन (उजेडाच्या ठरवलेल्या मांडण्या) बसतात म्हणून १६ सीन करू नयेत. संध्याकाळ, रात्र, मध्यरात्रीनंतर, अशी तीन बटणं आणि सूर्यास्ताप्रमाणे सरकणारा टायमर पुरे. बटणांवर मराठीत लिहा. वॉचमनला कळलं नाही तर तो सहा महिन्यांत मेन स्विचवरूनच कारभार सुरू करतो.

एखाद्या जुन्या वाड्याचं, देवळाचं, किल्ल्याचं काम पुढे आलं तर मात्र दगडाला भोक पाडायचं नाही, पाडायचंच नाही. आधी ती वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, राज्याच्या संचालनालयाकडे आहे की मुंबईसारखी हेरिटेज समिती मध्ये येते ते बघा. परवानगीला लागणारा काळ फीमध्ये धरा.

मंडळाचं काम घ्या, पण विजेची जबाबदारी कुणाची हे लेखी ठरवून. तात्पुरतं कनेक्शन महावितरणकडून रीतसर हवं, जोडणी परवानाधारक ठेकेदाराची. तुमच्याकडे परवाना नसेल तर डिप्लोम्याच्या जोरावर पॅनेलला हात घालू नका.

लोड असा काढा. समजा सगळे दिवे मिळून १८ किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर साडेबावीस केव्हीए. जनरेटर सत्तर टक्क्यांवर चालवायचा म्हणजे ३२, बाजारात मिळणारा ४० केव्हीए घ्या. साउंडला त्यावर बसवू नका. तिन्ही फेजवर सहा-सहा किलोवॅट वाटा. आणि जोडण्याआधी मीटर लावून प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० येतात का ते तीनदा बघा. न्यूट्रल ढिला असेल तर कमी लोडच्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज चढतं आणि एलईडीचे पॉवर सप्लाय चणे फुटावेत तसे फुटतात. जुने डिमर वापरत असाल तर न्यूट्रल फेजच्या जाडीपेक्षा बारीक कधीच नको, डिमरमुळे तिन्ही फेजचे हार्मोनिक (विजेतल्या जादा लहरी) न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिळून वाढतात, वजा होत नाहीत. एलईडी पार (रंगमंचाचा एक साधा दिवा) मात्र डिमरमध्ये खोचू नका, त्याला सरळ सप्लाय लागतो. नाटकाच्या हॉलमध्येही ही चूक रोज होते.

भाद्रपदात पाऊस धरूनच चाला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय माणसांच्या हाताला येणारं एकही सर्किट चालू करायचं नाही. मात्र प्रत्येक एलईडी दिवा थोडीशी गळती करतोच, अर्धा-एक मिलिअँपिअर. एका आरसीसीबीवर तीस दिवे टाकलेत तर काही बिघाड नसताना तो पडत राहील, आणि मग कुणीतरी शहाणा त्याला बायपास करेल. म्हणून दहा-बारा दिव्यांमागे एक. केबलचे जोड जमिनीवर नकोत. त्यांना प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर खालून तोंड उघडं ठेवा, पूर्ण आवळलेल्या पिशवीत वाफेचं पाणी साठतं.

सिग्नलचं तेवढंच महत्त्वाचं. डीएमएक्सच्या (दिव्यांना हुकूम देणाऱ्या सिग्नलच्या) एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका गटात, ५१२ चॅनल. २४ चॅनलच्या मोडमधले २० मूव्हिंग हेड (फिरत्या डोक्याचे दिवे) ४८० घेतात, पत्ते १, २५, ४९ असे चढत जातात. एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत, त्यापुढे स्प्लिटर. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रोध) लावा. माइकची केबल ओढून काम चालतं, नाही असं नाही, पण अंतर वाढलं की दिवे आपोआप थरथरायला लागतात आणि नेमके आरतीच्या वेळी लागतात.

वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला स्वतंत्र सेफ्टी वायर. मूव्हिंग हेड वीस-पंचवीस किलोचा असतो, दहा लावले तर केबल सोडून अडीचशे किलो. ट्रसवाल्याकडून (दिवे टांगायची धातूची चौकट देणाऱ्याकडून) त्या स्पॅनला किती भार चालतो याचा तक्ता मागा, 'होतंय हो भाऊ' हे उत्तर चालणार नाही. लेसर मागितला तर गर्दीच्या डोक्यापासून किमान ३ मीटर वरूनच जाईल असा बसवा, नाहीतर नकार द्या. मिरवणुकांत डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आणि त्यावरून पोलिसांची बंदी हे दोन्ही आता नवं राहिलेलं नाही.

उत्सव म्हणजे फक्त गणपती नव्हे. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवातली प्रकाशयोजना हे वेगळंच कसब आहे, आणि नाटकवाल्यांना ते छान जमतं. तिथे तासाभराच्या गायनाला चार-पाच क्यू खूप झाले. गायकाच्या डोळ्यांत फ्रंट जाऊ द्यायचा नाही, तानपुऱ्यावरच्या साथीदाराला काळोखात बसवायचं नाही. मागे एलईडी वॉल असेल तर ती २०-३० टक्क्यांवर आणा आणि फ्रंट ४००० केल्विनच्या आसपास ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यात चेहरे पिवळेजर्द येतात. गोव्यात पणजीचा सेरेंडिपिटी किंवा मुंबईचा काळा घोडा असे महोत्सव नाटक, मांडणशिल्प आणि जुन्या इमारती यांच्या मधोमध उभे आहेत. तुमच्यासारख्याने तिथे सहायक म्हणून एक हंगाम काढला तर तिन्ही बाजू एकदम बघायला मिळतील.

शिकण्याबद्दल. तीन वर्षं देता येत असतील तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. पुण्यात ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी नाटकाच्या अंगाने पाया घडवतात. वास्तुप्रकाशासाठी माझ्या मते सध्या वर्गात बसण्यापेक्षा डायलक्स शिका, ते फुकट मिळतं. कंपन्यांच्या साइटवरून आयईएस फाइल (दिव्याचा उजेड कसा पसरतो त्याची माहिती) उतरवून त्या हॉटेलची एक भिंत त्यात उभी करा, मग तिच्यावर खरा दिवा लावून लक्स मीटरने मोजा. दोन आकडे का जुळत नाहीत ते शोधताना जे कळतं ते कुठल्या अभ्यासक्रमात नसतं. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय प्रकाश संहिता २०१० साली आली, तीही चाळून ठेवा. ग्रँडएमए आणि ईओएस या प्रकाश-नियंत्रण कन्सोलची ऑफलाइन सॉफ्टवेअरही फुकट आहेत.

नाटक सोडू नका. पहिली दोन वर्षं तरी इमारतीचे पैसे उशिरा आणि तुकड्यांत येतात, नाइटचे (प्रयोगामागे मिळणारे) पैसे त्या काळात घर चालवतात.

फी मागताना एकच काळजी घ्या: दिवे विकणाऱ्याकडून कमिशन घेऊन डिझाइन फुकट देऊ नका. बाजारात हे सर्रास चालतं, आणि मग तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक दिव्याकडे मालक संशयाने बघतो. फी फक्त मालकाकडून, टप्प्याटप्प्याने. सुरुवातीला २० टक्के, संकल्पना मंजूर झाल्यावर २०, ड्रॉइंग आणि बीओक्यू दिल्यावर ३०, मॉकअपनंतर १५, फोकसिंग झाल्यावर उरलेले १५. मंडळाकडून निम्मे आगाऊ आणि उरलेले विसर्जनाच्या आदल्या दिवशी, कारण विसर्जनानंतर खजिनदार सापडत नाहीत. हॉटेलच्या कोटेशनमध्ये रत्नागिरीच्या दोन रात्री धरा, एक मॉकअपची आणि एक फोकसिंगची. फोकसिंग दिवाळीनंतर ठेवा. पावसात जांभा ओला असतो, ओला दगड गडद दिसतो, आणि तेव्हा डोळ्याला बरे वाटतील असे चढवून ठेवलेले दिवे डिसेंबरच्या कोरड्या भिंतीवर भगभगीत होतात.